भावकीचा परराष्ट्रमंत्री

उत्तम कुणाचीही माफी मागू शकतो. स्वतःच्या चुकीची सगळेच मागतात, त्यात काय मोठंसं? उत्तम दुसऱ्याच्या चुकीची मागतो, मेलेल्या माणसाच्या चुकीची मागतो, आणि वेळ पडली तर न झालेल्या चुकीचीही मागतो. शिराळ्याकडच्या, लग्नाला येत नाही म्हणून रुसून बसलेल्या एका म्हाताऱ्याची त्यानं बांध कोरल्याबद्दल मागितलेली माफी मी या कानांनी ऐकली आहे. बांध कोरला होता नवऱ्या मुलाच्या पणजोबांनी. उत्तमचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी तो म्हाताऱ्याच्या पायाशी बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "चुकलं आमचं, आज्जा. त्या दिवशी नांगर जरा अलीकडनं वळवाय पायजे हुता." म्हातारा विरघळला. "जाऊ दे रं पोरा, खोंडंच हूड हुती तुमची," म्हणाला, आणि धोतराचा सोगा सावरत लग्नाला निघाला.

हा त्याचा धंदा आहे. चेष्टा करत नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे लग्न ठरवणं एक वेळ सोपं, पण पार पाडणं महाकठीण. पत्रिकेत नाव खाली गेलं, माइकवरून आहेर पुकारायचा राहिला, हळदीला हाक मारली पण 'आत या' म्हटलं नाही, असं काहीही पुरतं आणि भावकीतलं एखादं वजनदार माणूस रुसून बसतं. मग अक्षता हातात घेऊन हजार माणूस ताटकळतं. अशा वेळी उत्तमला फोन जातो. मंगल कार्यालयांच्या मॅनेजरांकडे त्याचा नंबर जनरेटरवाला आणि पाण्याचा टँकरवाला यांच्या मध्ये लिहिलेला असतो.

आता यात माझ्या पोटात का दुखतं, ते सांगतो.

आम्ही दोघं एम.ए.ला एकत्र होतो. विषय राज्यशास्त्र, त्यातही आंतरराष्ट्रीय संबंध. मी विभागात पहिला आलो, तो कसाबसा सेकंड क्लास. त्याच्या हॉस्टेलच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता आणि तो परराष्ट्र सेवेत जाणार होता. मेसमध्ये आमटी वाढून घेताना तो कुठल्या देशात आपली वकिलात केवढी मोठी आहे ते सांगायचा. मी मात्र जमिनीवर पाय असलेला माणूस, मला प्राध्यापक व्हायचं होतं. पुढे तो पुण्यात वयाची अट संपेपर्यंत परीक्षा देत राहिला आणि नकाशा गुंडाळून परत आला. मी सेटची परीक्षा पास झालो, पीएच.डी. केली, आणि आज कित्येक वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. म्हणजे घंटा होईपर्यंत मी प्राध्यापक असतो. आमच्या विभागाचा शिपाई कायम आहे, मी नाही. सुट्टीच्या अर्जावर सही आणायला तो मला पाठवतो.

उत्तमची सुरुवात झाली आष्ट्याला, एका वर्गमित्राच्या लग्नात. नवरीचा मामा रुसून एसटी स्टँडवर जाऊन बसला होता. मामाशिवाय नवरी बोहल्यावर आणायची कुणी? बड्या बड्या लोकांनी हात टेकले. उत्तम पान खायला म्हणून स्टँडकडे गेला आणि अर्ध्या तासात मामाला घेऊन परत आला. सगळ्यांनी विचारलं, काय जादू केलीस?

"काय न्हाई रं. शेजारी बसलो. इचारलं, मामा, एसटी कवा हाय? ते म्हनलं, गेली. म्हटलं, मग दुसरी येईस्तवर मांडवात बसा की."

त्या मामांनी पुढे आपल्या मुलीच्या लग्नात त्याला आधीच बोलावून ठेवलं. तिथून त्याचं नाव पसरत गेलं. आज लगीनसराईत तो माझ्यासारख्याला आठ-आठ दिवस भेटत नाही. पांढरी गाडी आहे, शर्टाला इस्त्री आहे, बोटात विट्याच्या एका सोनंवाल्यानं खुशीनं दिलेली अंगठी आहे. लोक त्याला 'मंत्री' म्हणतात, परराष्ट्रमंत्र्याचं लहान रूप. आणि त्याला ते आवडतं.

विद्यापीठात जे डोक्यावरून गेलं ते सगळं तो आता वापरतो, हे तर मला मुळीच सहन होत नाही. रुसलेल्याच्या बायकोला स्वयंपाकघराच्या दारातून भेटणं म्हणजे बॅक चॅनेल. जावई म्हणजे तटस्थ राष्ट्र, "त्याला कुटल्याच बाजूनं बोलाय लावू नगंस, बिचकतंय." वरमाईला तो महासत्ता म्हणतो. गाडी तो रुसलेल्याच्या घरापासून लांब, पार गावच्या पाण्याच्या टाकीशी लावतो आणि चालत जातो. का, तर गाडी दिसली की माणूस तोंड पाडून तयार बसतो. अचानक गेलं की तो बिचारा शेंगा फोडत, नातवाला खेळवत साध्या चेहऱ्यानं सापडतो. मी त्याला एकदा म्हटलं, अरे हे सगळं मी तुला परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवलं होतं. तो म्हणाला, "व्हय की. तुज्यामुळंच पास झालो गड्या." असं मनापासून म्हणतो तो. उद्धटपणे म्हणाला असता तर जरा तरी बरं वाटलं असतं.

आमच्या कॉलेजनं गेल्या वर्षी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणे कोण, तर 'मानपान सल्लागार श्री. उत्तमराव'. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमचे वर्गमित्र आहेत ना? मग परिचय तुम्हीच करून द्या." मी केला. हार मी घातला, शाल मी दिली, नारळ मी दिला. उत्तम माइकपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचं सर आमच्या वर्गात पयलं हुतं. मी त्यांच्याच वह्या वाचून पास झालो." माझ्याच विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सगळ्या त्याला होत्या. कार्यक्रम संपल्यावर पोरांनी त्याच्याभोवती फोटोसाठी गराडा घातला. फोटो काढायला मोबाइल कुणाच्या हातात दिला असेल ते सांगायला नको. माझ्या तासाला कधीही न आलेली पोरं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

घरी तर बोलायलाच नको. आई म्हणते, "शिकावं तर उत्तमसारकं. शिक्षान माणसाच्या कामाला आलं पायजे." बायको माझ्यावर चिडली की म्हणते, "थांबा, उत्तमभावजींना फोन लावते." मी रुसतो तेव्हा मात्र ती फोन लावत नाही. मी आपोआप दुपारच्या चहाला उठतो, हे तिला ठाऊक आहे.

एका गोष्टीसाठी मात्र मला त्याचा सगळ्यात जास्त हेवा वाटे. त्याला भावकीच नाही. आजोबा एकटे, वडील एकुलते, हा एकुलता. आई-वडील दोघंही तो पुण्याला असतानाच गेले. लग्नही झालं नाही. दोन-चार ठिकाणी बोलणी झाली, पण मुलीकडचे लोक बिचकले. याला सगळ्यांच्या घरची आतली भांडणं ठाऊक, उद्या आपली गावभर झाली तर? म्हणून इतकी लग्नं पार पाडणारा माणूस बिनलग्नाचा राहिला. मी मनात म्हणायचो, सुखी आहे लेकाचा. ना चुलता, ना आत्या, ना बांधाचा वाद. सकाळी उठावं आणि दुसऱ्याच्या भावकीवर पोट भरावं.

आणि मग माझ्या बहिणीचं, शीतलचं लग्न ठरलं.

आमचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे कन्यादान थोरल्या चुलत्यांनी आणि काकूंनी करायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. चुलते म्हणजे आप्पा. विट्याजवळ त्यांचं घर, पण उभं आयुष्य तमिळ मुलखात सोनं गाळण्याच्या दुकानात गेलं. आवाज मोठा, मन मोठं आणि राग त्याहून मोठा. साखरपुड्याला फेटे कमी पडले. कसे पडले देव जाणे, पण नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरला फेटा बांधला गेला आणि आप्पांच्या डोक्यावर कुणीतरी टोपी ठेवली. आप्पांनी ती टोपी काढली, घडी केली, खिशात घातली आणि न जेवता निघून गेले. त्यानंतर त्यांनी आमचा फोन उचलला नाही.

लग्न आठवड्यावर आलं. आई रोज डोळ्यांना पदर लावायची. "तुजा बा असता तर गोष्ट येगळी. आता भावजी न्हाई आलं तर पोरीचा हात कोन देनार? लोक काय म्हनतील, पोरकी उजवली म्हनतील." आई म्हणाली, उत्तमला सांग. मी म्हटलं, मी आहे ना? राज्यशास्त्राचा डॉक्टर आहे मी. वाटाघाटींवर माझे लेख छापून आलेत.

मी एकटा विट्याला गेलो. आप्पांसमोर मुद्देसूद बोललो. फेटेवाल्यानं सांगितलेली संख्या, प्रत्यक्ष आलेले पाहुणे, ऐन वेळचा गोंधळ, यात कुणाचाही हेतू नव्हता, सबब रुसण्याला आधार नाही, असं सगळं क्रमानं मांडलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय तुजं," ते म्हणाले. "चूक कुनाचीच न्हाई. मग मला तरी कशाला नेतूस? तुमचं समदं बराबर चाललंय की."

काकूंनी दिलेला चहा मी तसाच ठेवून आलो. दोनच दिवसांनी मला उत्तमला फोन करावा लागला. तो फोन लावताना माझा कसा जळफळाट झाला ते मलाच ठाऊक. वाटलं होतं, तो जरा भाव खाईल. निदान 'एवढे दिवस का थांबलास' म्हणेल. तसलं काही नाही. "आलोच," म्हणाला, आणि खरंच तासाभरात दारात उभा राहिला. गाडीत त्यानं मला एकच सूचना दिली. "तू त्वांड उघडायचं न्हाई. आन् खाली मान घालून बसायचं. येतंय न्हवं तेवढं?"

गाडी टाकीशी लावून आम्ही चालत गेलो. आप्पा अंगणात हरभरा निवडत बसले होते. उत्तमनं पाय धरले.

"आप्पा, ती टोपी माझ्यामुळं."

"तू कुटं हुतास तितं?"

"न्हवतो. तीच तर चूक."

आप्पांना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. उत्तमनं सूप आपल्याकडे ओढलं आणि तोही हरभरा निवडू लागला. सुपातला अर्धा हरभरा निवडून झाला. मी आपला मान खाली घालून मुंग्या बघत होतो. मग उत्तम खडा बाजूला टाकत सहज म्हणाला, "आप्पा, टोपीचं एक असू दे. त्याच्या आदी काय झालं?"

आप्पांचा हात थांबला. "माज्या भावाच्या पोरीचं लगीन," ते म्हणाले. "पोरगा ठरला, तारीक ठरली, कार्यालय ठरलं, आन् मला मोबाइलवर फोटू आला. पत्रिकेचा. खाली त्यो हात जोडल्याला शिक्का. मी काय पावना हाय व्हय रं?"

तो फोटो मी पाठवला होता. सगळ्यांना एकदमच पाठवला होता, वेळ वाचावा म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात उत्तमनं माझा गुडघा दाबला.

"आप्पा," तो म्हणाला, "तुमी ह्याला शिव्या द्या."

"आं?"

"द्या. मनापासनं द्या. प्रोफेसर झाला म्हनून काय झालं? वडील गेल्यापासनं ह्याला कुनी वरडलंच न्हाई. आवं, तुमी न्हाई तर कोन देनार ह्याला शिव्या?"

आणि आप्पांनी दिल्या. मराठीत दिल्या, मधूनमधून तमिळमध्ये दिल्या. माझ्या पुस्तकी अकलेचा, माझ्या मोबाइलचा, लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या नागपंचमीचा, सगळ्यांचा उद्धार झाला. काकू आतून बाहेर आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. शिव्या देता देता आप्पांचा आवाज फाटला. "तुजा बा मला इचारल्याबिगर बैल सुदीक इकत न्हवता रं," ते म्हणाले, आणि उपरण्यात तोंड घालून रडायला लागले. मीही रडलो. मला वडील गेल्याच्या दिवशी इतकं रडू आलं नव्हतं. थोड्या वेळानं आप्पांनी डोळे पुसले आणि काकूंना म्हणाले, "चा टाक. ह्या उत्तमला साकर जास्त."

एवढ्या शिव्या मी खाल्ल्या आणि जास्त साखर त्याला. त्या अवस्थेतही मला हे टोचलं, खोटं कशाला बोलू?

लग्न थाटात झालं. आप्पा आदल्या दिवशीच येऊन राहिले आणि आल्या आल्या आचाऱ्याला झापलं, तेव्हा आईच्या जिवात जीव आला. मांडवात पहिला फेटा त्यांना बांधला. कन्यादानाच्या वेळी त्यांनी शीतलचा हात असा धरला होता की भटजींना दोनदा सांगावं लागलं, आता सोडा. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला घर भरल्यासारखं वाटलं.

पंगती उठायला लागल्या तेव्हा आईनं विचारलं, "उत्तम कुटं हाय रं? जेवल्याला दिसला न्हाई."

फोन लावला तर बंद. त्याचा फोन बंद असतो हे मी प्रथमच ऐकत होतो. म्हटलं, वरमाई बिनसली असणार आणि हा गुपचूप निस्तरत असणार. महासत्ता तर आइस्क्रीमच्या टेबलाशी मजेत होती. शोधत शोधत कार्यालयाच्या मागे गेलो. तिथे पाण्याच्या टँकरच्या सावलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकून उत्तम उसाच्या फडाकडे तोंड करून बसला होता. फेटा मांडीवर काढून ठेवलेला.

"अरे, काय झालं? कोण रुसलंय?"

"मी," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पुढे जाऊन पाहिलं तर तोंड खरंच उतरलेलं होतं.

"कुणावर?"

"तुज्यावर."

"मी काय केलं?"

"काय न्हाई."

"मग?"

त्यानं मांडीवरच्या फेट्याचा शेमला सारखा केला. मग म्हणाला, "आप्पासाठी तू दोनदा विट्याला गेलास. शिव्या खाल्ल्यास, रडलास. म्हातारा रुसला तर त्याच्यामागं आख्खं घर धावलं. मला लय हेवा वाटला गड्या. म्हटलं, आपुन रुसलो तर कुणाला कळंल तरी का? मी एवढी मानसं आनली, पन मला आनायला कवा कोन गेल्यालं मला आठवत न्हाई. कुणावर रुसनार? रुसायला बी कोनतरी लागतंय की. लय इचार केला, आन् तुज्यावर रुसलो."

"कधीपासून बसलायस?"

"अक्षता पडल्यापासनं. मगाशी तर वाटलं, आता आपलं आपुनच उटून जावं. मग तुजी चाहूल लागली."

ही पांढरी गाडी, ही अंगठी, या टाळ्या. मी इतकी वर्षं ज्याच्यावर जळत आलो तो माणूस उपाशीपोटी टँकरमागे बसून माझ्या चुलत्यावर जळत होता. मला त्याचा फार राग आला आणि फार माया आली.

"बरं, चल आता," मी म्हटलं. "शेवटची पंगत बसतेय. उशीर केलास तर जिलेबी संपेल, आणि मग पुन्हा..."

"असं न्हाई," उत्तम उसावरची नजर न काढता म्हणाला. "पयल्यांदा नुसतं बसायचं असतंय."

खुर्ची एकच होती. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो, नव्या धोतरासकट. आत माइकवर कुणीतरी आहेर पुकारत होतं. फडातून एक कुत्रं बाहेर आलं, आमच्याकडे बघून परत आत गेलं.

"आता हात धर," तो म्हणाला.

मी उठलो आणि त्याचा हात धरला. त्यानं तो झटक्यात सोडवून घेतला. "मी न्हाई येत. जा तू. तुजं पावनं वाट बघत असतील," तो म्हणाला आणि मान पार पलीकडे वळवली.

मी फेटा त्याच्या मांडीवरून उचलला, स्वतःच्या काखेत मारला, आणि पुन्हा त्याचा हात धरला, या वेळी दोन्ही हातांनी.